घरखर्च आणि घराचा खर्च

सरकारी अहवालास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, या वादांत आम्ही येथें शिरूं इच्छीत नाहीं. परंतु ज्या पुस्तकांत अडीच लाखांहून अधिक कुटुंबांनीं आपल्या ताटांतील अन्न, अंगावरील वस्त्र आणि मुलांच्या शाळेची फी यांचा हिशेब दिलेला आहे, त्या पुस्तकाचें परीक्षण एखाद्या वाङ्मयविषयक मासिकानें केलें तर त्यांत आश्चर्य मानण्याजोगें कांहीं नाहीं. कादंबरीकार एका घराची हकीकत सांगतो आणि ती शेंकडों घरांची आहे असें आपणांस वाटावयास लावतो. पाहणी करणारा लाखों घरांची हकीकत गोळा करतो, आणि पुष्कळ वेळां ती कोणत्याच एका घराची राहत नाहीं. मार्ग असे उलट असले तरी दोघांच्याहि कृतीस कसोटी एकच लावावी लागते : ज्याच्याविषयीं हें लिहिलें आहे, त्यास त्यांत आपलें घर ओळखूं येतें काय ?

या कसोटीनें आज आम्ही भारत सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाचे कौटुंबिक उपभोग-खर्चाच्या पाहणीचे दोन अहवाल पाहणार आहों. एक ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षाचा, दुसरा त्याच्या लगतच्या वर्षाचा. कसोटीचा दगड म्हणून आम्हीं पनवेलजवळचें करंजाडे निवडलें आहे. मलबार हिल घेतलें असतें तर तें या ग्रंथास अन्यायाचें झालें असतें. मेळघाटांतील एखादा पाडा घेतला असता तर तेंहि तितकेंच एकांगी ठरलें असतें. करंजाडे हें धड गांव नव्हे, धड शहर नव्हे. धड श्रीमंत नव्हे, धड दरिद्री नव्हे. सरासरीचा ग्रंथ जर कोठें खरा ठरावयाचा असेल, तर तो अशाच ठिकाणीं ठरला पाहिजे.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगणें हें परीक्षकाचें कर्तव्य होय. राष्ट्रीय नमुना पाहणीची परंपरा १९५० पासूनची आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेनें ती सुरू झाली, आणि १९७२-७३ पासून साधारणतः दर पांच वर्षांनीं खर्चाची मोठी पाहणी करण्याचा प्रघात पडला. २०१७-१८ ची पाहणी झाली, परंतु तिच्या सामग्रीचा दर्जा समाधानकारक नाहीं असें सांगून सरकारनें २०१९ च्या नोव्हेंबरांत ती प्रसिद्ध न करण्याचें ठरविलें. त्यामुळें २०११-१२ नंतर अकरा वर्षें देशाच्या घरखर्चाची वही कोरीच राहिली. ती पुन्हां उघडली गेली, ही पहिली समाधानाची गोष्ट. दुसरी गोष्ट कष्टाची आहे. पूर्वीं एकाच बैठकींत सर्व प्रश्न विचारले जात. आतां एकाच घरीं तीन वेळां जाऊन अन्नाचा, नित्याच्या वस्तु व सेवांचा आणि टिकाऊ वस्तूंचा हिशेब वेगवेगळा घेतला जातो. विचारलेल्या जिनसा पूर्वीं ३४७ होत्या, त्या ४०५ झाल्या. दर वर्षीं २ लाख ६१ हजारांहून अधिक कुटुंबांच्या दारीं हे लोक गेले. एवढ्या घरांचे उंबरठे झिजविणारा ग्रंथकार आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

या कष्टांचें फळहि मोलाचें आहे. १९९९-२००० मध्यें ग्रामीण कुटुंबाच्या शंभर रुपयांपैकीं सुमारे बावीस रुपये केवळ धान्यावर जात; २०२२-२३ मध्यें ते पांचाच्या आंत आले. नागरी कुटुंबाचे बारा होते, ते चाराच्या आंत आले. एकूण अन्नाचा वांटा त्याच काळांत गांवांत शेंकडा ५९ वरून ४६ वर आणि शहरांत ४८ वरून ३९ वर उतरला. याच्या उलट तयार पदार्थ, पेयें आणि उपाहार यांचा नागरी वांटा २०२३-२४ मध्यें शेंकडा ११ च्या घरांत गेला. म्हणजे शहरांतल्या घरांत धान्याच्या कोठीपेक्षां फरसाणाच्या पुड्यावर, चहाच्या टपरीवर आणि बाहेरून मागविलेल्या जेवणावर आतां अधिक पैसा जातो. एका पिढींत स्वयंपाकघराचा कसा कायापालट झाला, हें इतक्या थोड्या अक्षरांत सांगणारें दुसरें वाक्य आमच्या अलीकडच्या कथावाङ्मयांत आम्हांस आढळलेलें नाहीं.

परंतु येथूनच आमच्या शंकेसहि प्रारंभ होतो. अन्नाचा वांटा घटला म्हणजे माणूस सुखी झाला, असें अनुमान या आंकड्यांवरून सर्रास काढलें जातें. त्याचा आधार जुना आहे. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें १८५७ सालीं बेल्जममधील मजुरांचे घरखर्च तपासून असा नियम मांडला कीं, कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा. नियम खरा आहे. परंतु त्याचा व्यत्यास सर्वत्र खरा असेलच असें नाहीं. अन्नाचा वांटा दोन कारणांनीं घटतो. एक, माणसाचें पोट भरून हातांत पैसा उरला म्हणून. दुसरें, टाळतां न येणारा दुसराच कोणी खर्च ताटाच्या आड येऊन बसला म्हणून. पहिल्यास सुबत्ता म्हणतात, दुसऱ्यास ओढग्रस्त. आंकड्यांत दोन्ही सारखींच दिसतात. एंगेलच्या नंतर थोड्याच वर्षांनीं, १८६८ सालीं, बर्लिन येथील हेर्मान श्वाबे यानें त्या दुसऱ्या बाजूस बोट दाखविलें होतें : मनुष्य जितका गरीब, तितका त्याच्या मिळकतींतला घरभाड्याचा वांटा मोठा. एंगेलचें नांव प्रत्येक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पाठ असतें. श्वाबेचें मात्र फारसें कोणी घेत नाहीं. आमच्या मतें करंजाड्यास समजून घ्यावयाचें असेल, तर या दोघांस बरोबर घेऊनच गेलें पाहिजे.

करंजाड्याची हकीकत थोडक्यांत अशी. १९७० च्या मार्चांत सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचें ठरलें. मिठागरें, भातशेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाची जमीन गेली. योग्य मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासई व दास्तान फाटा येथें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें आंदोलन झालें, त्यांत पांच शेतकरी गोळीबारास बळी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याची योजना ही त्या रक्ताची किंमत होय. करंजाड्याचे अनेक सेक्टर अशाच भूखंडांवर उभे राहिलेले आहेत. एका अंगास जुनें गांव, दुसऱ्या अंगास सिडकोनें आंखलेले रस्ते, जवळून वाहणारी गाढी नदी, नदीपलीकडे पनवेल आणि डोक्यावर ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेल्या नव्या विमानतळाचें आकाश, असें या वस्तीचें रूप आहे. मुंबईंत घर परवडत नाहीं म्हणून लोक ठाण्यास गेले, ठाणें परवडेना म्हणून वाशी-नेरुळास, तेंहि परवडेना म्हणून खारघरास, आणि शेवटीं करंजाड्यास. या वस्तीचा जन्मच घराच्या किंमतींतून झालेला आहे. तेव्हां घरखर्चाच्या ग्रंथानें येथें घराविषयीं काय म्हटलें आहे, हें पाहणें क्रमप्राप्त आहे.

२०२३-२४ च्या अहवालाप्रमाणें नागरी भागांत दर माणशीं दरमहा खर्च सरासरीनें ६,९९६ रुपये. त्यांत भाड्याचा वांटा सुमारे शेंकडा ७. आणि हें भाडेंहि केवळ घराचें नव्हे, गॅरेजचें भाडें व हॉटेलांतील वास्तव्य हींहि त्यांतच जमा. आतां चार माणसांचें कुटुंब घ्या. त्याचा महिन्याचा एकंदर खर्च २७,९८४ रुपये आणि त्यांत भाडें सुमारे १,९५९ रुपये. दोन हजारांच्या आंत चार माणसांस घर ! करंजाड्यांत असें घर कोणत्या सेक्टरांत मिळतें, हें ग्रंथकर्त्यांनीं कळविल्यास अर्धें पनवेल त्यांचें ऋणी होईल. वास्तविक ग्रंथकर्त्यांनीं येथें असत्य कांहींच लिहिलेलें नाहीं. ही सरासरी भाडें देणारांची नसून भाडें देणारे व न देणारे अशा सर्वांची आहे. ज्यांना एकहि पैसा भाडें पडत नाहीं असे पुष्कळ, आणि ज्यांना पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागतो असे कांहीं, यांना एका रांगेंत उभें करून काढलेली ही रक्कम दोघांच्याहि कामाची नाहीं. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे, एवढ्या माहितीवर पाण्यांत उतरणाऱ्याची जी गत होते, तीच ही.

हा दोष उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. उदाहरण आमच्या कल्पनेंतील आहे. परंतु त्याचीं माणसें करंजाड्याच्या कोणत्याहि इमारतींत भेटतील. एकाच मजल्यावर तीन बिऱ्हाडें आहेत. तिघांच्या खोल्या सारख्या, माणसें चार-चार, आणि घर सोडून इतर खर्च तिघांचाहि दरमहा २८,००० रुपये. पैकीं अन्नावर ११,१००. पहिलें बिऱ्हाड भाडेकरूचें. तो दहा हजार रुपये भाडें देतो. दुसरें कर्ज काढून घर घेतलेल्या नोकरदाराचें. त्यानें तीस लाख रुपये वीस वर्षांच्या मुदतीनें शेंकडा साडेआठ व्याजानें घेतले आहेत. त्याचा हप्ता त्रैराशिक न करतांहि बँकेच्या कोष्टकांत सांपडतो, तो २६,०३५ रुपये. तिसरें बिऱ्हाड मूळ गांवकऱ्याचें. वडिलांच्या जमिनीच्या मोबदल्यांत मिळालेला भूखंड त्यानें बांधकामास दिला, त्याबद्दल त्यास कांहीं सदनिका मिळाल्या. एकींत तो स्वतः राहतो, आणि दुसरी त्यानें पहिल्या बिऱ्हाडास भाड्यानें दिली आहे.

आतां हीं तीन घरें या ग्रंथांत कशीं उतरतात तें पाहा. भाड्याची रक्कम उपभोग-खर्चांत धरली जाते. म्हणून भाडेकरूचा खर्च ३८,००० रुपये. घराची खरेदी व कर्जाची परतफेड उपभोगांत धरली जात नाहीं. म्हणून हप्तेवाल्याचा खर्च २८,०००. घरमालकाचाहि २८,०००. अन्नाचा वांटा भाडेकरूचा शेंकडा २९, उरलेल्या दोघांचा शेंकडा ४०. एंगेलच्या फूटपट्टीनें मोजलें तर भाडेकरू सर्वांत सधन, आणि ज्याच्या हातांत तो दर महिन्यास दहा हजार रुपये ठेवतो तो घरमालक त्याच्याहून गरीब ! आणि हप्तेवाला ? त्याच्या खिशांतून खरोखर दरमहा ५४,००० रुपये जातात. परंतु ग्रंथाच्या दृष्टीनें तो व घरमालक हे अगदीं जुळे भाऊ आहेत. एकाची झोप हप्त्याच्या तारखेभोंवतीं फिरते, दुसऱ्यास ती तारीखच ठाऊक नाहीं. हा भेद नोंदविण्यास ४०५ जिनसांच्या यादींत जागा सांपडलेली नाहीं.

यावर ग्रंथकर्त्यांच्या बाजूनें एक सबळ उत्तर दिलें जाईल, आणि तें टाळून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. घर घेणें हा उपभोग नसून गुंतवणूक आहे. हप्ता भरणारा पैसा खर्च करीत नाहीं, तो स्वतःच्या मालकीची वस्तु जोडीत आहे. कर्जाची व मालमत्तेची पाहणी निराळी होते, ती तेथें पाहावी. सिद्धांत म्हणून हें बरोबर आहे. परंतु वरच्याच कर्जाचा हिशेब घ्या. पहिल्या महिन्याच्या २६,०३५ रुपयांपैकीं २१,२५० रुपये व्याजाचे असतात. मालमत्तेंत जमा होणारे रुपये ४,७८५. वीस वर्षांअंतीं तीस लाखांवर साडेबत्तीस लाखांच्या सुमारास व्याज भरलेलें असतें. हें व्याज म्हणजे कोणती गुंतवणूक ? तें राहत्या छपराचें भाडेंच होय. फरक इतकाच कीं तें घरमालकास न जातां बँकेस जातें. आणि कर्जाची पाहणी निराळी होते हें खरें असलें, तरी ती निराळ्या वर्षीं होते. खर्चाच्या ग्रंथांतून तिच्याकडे जाण्यास वाट नाहीं. एकाच माणसाचें पोट एका खंडांत आणि पाठ दुसऱ्या खंडांत छापावी, व दोन्ही खंड कधीं एकत्र बांधूं नयेत, तसा हा प्रकार आहे.

याहूनहि नवल पुढेंच आहे. स्वतःच्या घरांत राहणाऱ्या नागरी कुटुंबास ‘हें घर भाड्यानें दिलें असतें तर किती भाडें आलें असतें’ असें विचारून अनुमानित भाडें टिपून घेण्याची वहिवाट या पाहणींत जुनी आहे. म्हणजे आंकडा हातीं येतो. परंतु एकूण खर्चाच्या बेरजेंत तो घेतला जात नाहीं. महागाईचा निर्देशांक काढतांना मात्र तोच विचार आंत येतो. २०१२ हें आधारवर्ष धरलेल्या किरकोळ किंमतींच्या मालिकेंत शहरांसाठीं घराचें वजन शेंकडा २१.६७ होतें, ग्रामीण भागासाठीं तें शून्य होतें. एकाच सरकारच्या एका पुस्तकांत शहरी माणसाच्या डोक्यावर घराचा भार सात, दुसऱ्यांत एकवीस, आणि वेस ओलांडून गांवांत गेलें कीं कांहींच नाहीं. शास्त्रदृष्ट्या या प्रत्येकाचें समर्थन करतां येईल. परंतु वाचकानें कोणत्या आंकड्यावर विश्वास ठेवावा, हें सांगण्याची जबाबदारी कोणीहि घेतलेली नाहीं. करंजाड्यासारख्या ठिकाणीं तर गांवठाणाची शीव कोठें संपते आणि सेक्टर कोठें सुरू होतो, हें नकाशा घेऊन फिरणारासहि चटकन् सांगतां येणार नाहीं.

अमेरिकेंत हा प्रश्न कसा हाताळला जातो, हें पाहणें उद्बोधक आहे. तेथील श्रमसांख्यिकी कचेरीच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणें एका कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च ७७,२८० डॉलर. त्यांत घराचा वांटा शेंकडा ३२.९ आणि अन्नाचा शेंकडा १२.९. या ‘घरा’त वीज, पाणी, सामानसुमान हींहि धरलेलीं असतात, हें लक्षांत ठेवावें. परंतु मुख्य मुद्दा असा कीं, तारणकर्जाच्या हप्त्यांतील मुद्दल त्यांनीं वगळलें असलें तरी व्याज वगळलेलें नाहीं. घरपट्टी व दुरुस्तीहि धरली आहे. महागाईच्या निर्देशांकांतहि १९८३ पासून मालकाच्या घराचें समतुल्य भाडें मोजलें जातें. त्या पद्धतीवरहि तेथें टीका होतच असते; कोणीं न दिलेलें भाडें कोणीं न घेतलेल्या हातांतून कसें मोजावें, हा आक्षेप जुना आहे. परंतु या वादांचा परिणाम असा झाला आहे कीं, अमेरिकन गृहस्थास आपल्या खर्चाचा सर्वांत मोठा रकाना घराचा आहे हें सरकारी पुस्तकांत वाचावयास मिळतें. आमच्या गृहस्थास तें केवळ आपल्या बँकेच्या पासबुकांत वाचावें लागतें.

अमेरिकेचें उदाहरण परकें वाटत असेल, तर आमच्या घरचेंच एक उदाहरण देतों. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनें १९२१-२२ सालीं मुंबईंतील मजुरांच्या घरखर्चाची चौकशी केली, आणि कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांनीं तिचा अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध केला. घरें अवघीं २,४७३, आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेब ६०३. आजच्या पाहणीपुढें ही संख्या मुठीएवढी आहे. खर्चाचा निष्कर्ष असा : अन्न शेंकडा ५६.८, जळण व दिवाबत्ती ७.४, कपडा ९.६, घरभाडें ७.७ आणि इतर १८.५. शंभर वर्षांपूर्वींचा भाड्याचा वांटा आणि आजचा वांटा जवळ जवळ एकच आहे, हें पाहून कोणी म्हणेल कीं या बाबतींत काळ थांबूनच राहिला. परंतु शिरासच्या अहवालाचें पुढलें पान वाचलें कीं हा भ्रम दूर होतो. तेथें सांगितलें आहे कीं शेंकडा ९७ कुटुंबें एकाच खोलींत राहतात. तेव्हांचें भाडें अल्प होतें, कारण घर म्हणजे एक खोली होती; आजचा वांटा अल्प दिसतो, कारण देणारे व न देणारे यांची मोट बांधलेली आहे. आंकडा एक, अर्थ दोन. आणि अर्थ कळतो तो केवळ जुन्या ग्रंथानें आंकड्याच्या शेजारीं खोली उभी केली म्हणून.

त्या अहवालानें एवढ्यावरच थांबणें पसंत केलें नाहीं. शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत आहेत, कर्ज साधारणतः अडीच महिन्यांच्या मिळकतीइतकें असतें, आणि व्याजाचा दर पुष्कळदां शेंकडा ७५ असतो, हें त्यानें त्याच ग्रंथांत नमूद केलें. मजुराच्या अन्नाची तुलना त्यानें तुरुंगाच्या नियमावलींतील शिध्याशीं केली, आणि गिरणींत राबणारा मनुष्य कैद्याहून कमी धान्य खातो असा निष्कर्ष काढला. या निष्कर्षावर त्या वेळीं बरीच हाकाटी झाली. परकी सरकारच्या नोकरानें परकी सरकारच्याच पुस्तकांत हें वाक्य लिहिलें, याचें आम्हांस आजहि कौतुक वाटतें. त्याची पद्धति ओबडधोबड होती, नमुना सदोष होता. परंतु त्याच्या ग्रंथास आवाज होता. आजच्या ग्रंथाची पद्धति कितीतरी सुधारलेली आहे. आवाज मात्र हरपला आहे.

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर आम्हीं त्यावर इतकीं पानें खर्चिलीं नसतीं. या ग्रंथांतील आंकडे नुसते वाचले जात नाहींत, ते वापरले जातात. याच सामग्रीवरून महागाई मोजण्याचीं वजनें ठरतात. दारिद्र्याचे अंदाज बांधले जातात. २०२४ च्या फेब्रुवारींत नीति आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीं २०२२-२३ च्या आंकड्यांवरून देशांतील दारिद्र्य शेंकडा पांचाच्या आंत आलें असावें असें म्हटलें, तें सर्वांच्या स्मरणांत असेल. अन्नवस्त्राचें दारिद्र्य घटलें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. धान्याचा घटता वांटा त्याचीच साक्ष देतो. किंमतींची वाढ वजा करून पाहिलें तरी नागरी माणसाचा दरमहा खर्च २०११-१२ च्या २,६३० रुपयांवरून त्याच वर्षाच्या किंमतींनीं ३,५१० वर गेला आहे. अर्थात् पाहणीची रीत मध्यंतरीं बदलल्यामुळें ही तुलनाहि जपूनच केली पाहिजे. परंतु या वाढींतला किती भाग ताटांत आला आणि किती भाग छपरानें गिळला, हें सांगितल्यावांचून सुबत्तेचा निवाडा करणें म्हणजे एका पक्षाची साक्ष घेऊन खटला निकालांत काढण्यासारखें आहे. जो भाडेकरू वाढत्या भाड्यापायीं मुलाचें दूध कमी करतो, त्याचा एकूण खर्च कागदावर वाढतो व अन्नाचा वांटा घटतो. त्याची अडचण सुबत्तेच्या रकान्यांत जमा होते. यापेक्षां क्रूर हिशेब कोणता असूं शकेल ?

शिवाय कित्येक व्यवहार असे आहेत कीं ते कोणत्या रकान्यांत बसवावे हा प्रश्नच पडावा. आमच्या भागांत मोठी अनामत देऊन घर घेण्याची चाल आहे. कांहीं लाख रुपये घरमालकाकडे बिनव्याजी ठेवावयाचे आणि मासिक भाडें नाममात्र द्यावयाचें, किंवा मुळींच द्यावयाचें नाहीं. या कुटुंबाचें भाडें शून्य मानावें, कीं बुडालेलें व्याज हेंच त्याचें भाडें समजावें ? अकरा महिन्यांचा करार संपला कीं दलाली, टेम्पो, नवी अनामत आणि शाळेची नवी रिक्षा हीं सर्व पुन्हां एकदां येतात. हा खर्च दरमहा होत नाहीं, म्हणून महिन्याच्या वहींत तो हळूच निसटतो; परंतु ज्या गृहिणीस दर वर्षीं संसार खोक्यांत भरावा लागतो, तिला तो बरोबर ठाऊक असतो. आमच्यांत म्हण आहे, घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून. आतां घर पाहावें बदलून, अशीहि पुरवणी तिला जोडावयास हरकत नाहीं.

दोष दाखविल्यावर उपाय सुचविणें उचित. आमची मागणी अवघड नाहीं. सामग्री बव्हंशीं ग्रंथकर्त्यांच्या हाताशीं आहे. ती मांडण्याची रीत तेवढी बदलावी. भाडेकरू, कर्जाचा हप्ता भरणारे आणि कर्जमुक्त घरांत राहणारे असे तीन वर्ग करून तिघांचे खर्च शेजारीं शेजारीं छापावे. हप्त्याची रक्कम बेरजेंत घ्यावयाची नसेल तर घेऊं नये. परंतु तळटीपेंत तरी ती दिसूं द्यावी, आणि व्याज व मुद्दल निरनिराळें दाखवावें. भाड्याची सरासरी काढतांना न देणारांस बाजूस ठेवून एक आंकडा अवश्य द्यावा. आणि शेवटीं, शिराससारखें एखादें स्पष्ट वाक्य लिहिण्याचें धैर्य दाखवावें. आंकडे स्वतः बोलतात असें म्हणतात. आमचा अनुभव असा कीं ते विचारल्याखेरीज बोलत नाहींत, आणि विचारणारा घराबद्दल विचारावयास विसरला तर ते आपण होऊन आठवण देत नाहींत.

जातां जातां आमच्या ललितलेखकांसहि एक शब्द. चाळीच्या आयुष्यानें मराठींत आपलें स्थान मिळविलें, पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालीं पुस्तकरूपानें आली, आणि एका अंतर्धान पावणाऱ्या वस्तीचा विनोदी इतिहास तिनें जतन करून ठेवला. हप्त्याच्या घराचा इतिहास अजून लिहावयाचा आहे. चाळींत भाडें थोडें आणि शेजार फार होता. करंजाड्यांत शेजार थोडा आणि हप्ता फार आहे. वीस वर्षें एका तारखेच्या दोरीनें बांधलेला मनुष्य नोकरी सोडण्यास भितो, आजारी पडण्यास भितो, मुलीस दूरच्या कॉलेजांत पाठविण्यास कचरतो. या भीतीचें कोष्टक कोणताहि सांख्यिक काढूं शकणार नाहीं. तें काम लेखकाचेंच आहे. पाहणीकारानें आपली बेरीज पुरी करावी, आणि जेथें बेरीज संपते तेथून लेखकानें आरंभ करावा. आजमितीस दोघेहि त्या घराच्या दाराशीं येऊन परत फिरले आहेत.

एकंदरींत हा ग्रंथ कष्टाळू, प्रामाणिक आणि संग्राह्य आहे. ताटाविषयीं तो जें सांगतो, त्यावर आम्ही विश्वास ठेवतों. त्यांतील अन्नाचीं प्रकरणें प्रत्येक सुशिक्षितानें वाचावीं अशी आमची शिफारस आहे. परंतु करंजाड्याच्या त्या तीन बिऱ्हाडांनीं तो हातीं घेतला, तर भाडेकरूस आपण श्रीमंत आहों असें कळेल, घरमालकास आपण त्याच्याहून गरीब आहों असें कळेल, आणि हप्तेवाल्यास आपला हप्ता अस्तित्वांतच नाहीं असें कळेल. तिघेहि हंसतील आणि पुस्तक मिटून ठेवतील. पुढील आवृत्तींत त्यांना त्यांत आपलें घर सांपडावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.